मालनला दिसलेला वास

वयाची बाविशी उलटेपर्यंत मालनला ठाऊकच नव्हतं की आपल्याला वास येत नाही.

ऐकणाऱ्याला हे खोटं वाटतं. पण जन्मापासून जी गोष्ट आपल्याजवळ नाही, ती नाही हे कळायचं तरी कसं? आंधळ्याला लोक हात धरून नेतात, बहिऱ्याला खुणा करतात. ज्याला वास येत नाही, त्याच्याकडे कुणी वळूनसुद्धा बघत नाही.

अलोऱ्याला कोयना प्रकल्पाची वसाहत आहे, डोंगराच्या पायथ्याशी ओळीनं बांधलेल्या खोल्यांची. त्यातल्या एका खोलीत धोंडू सकपाळ राहायचे. प्रकल्पाच्या वर्कशॉपमध्ये ते फिटर होते. काशी ही त्यांची बायको आणि मालन ही एकुलती मुलगी. मागच्या दारी नळाचं पाणी वाहून जायचं, तिथे काशीनं गवती चहा, अळू आणि पुदिना लावला होता. बाकी घरात एक रेडिओ, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, कोनाड्यात बुद्धाची लहानशी मूर्ती. संध्याकाळी वंदना झाली की काशी उदबत्तीचा धूर ओंजळीत घेऊन मालनच्या तोंडावरून फिरवायची. धुरानं डोळे चुरचुरायचे. मालनला वाटायचं, ह्यालाच वास म्हणतात.

लहानपणी तिची अशी समजूत होती की वास म्हणजे मोठ्या माणसांची बोलण्याची एक रीत आहे. पाव्हण्यांचं बाळ गोड असो नसो, त्याला गोड म्हणायचं असतं. तसंच मोगऱ्याला नाक लावून डोळे मिटायचे आणि ‘आहाहा’ म्हणायचं असतं. तीही लावायची, तीही म्हणायची. पाकळ्या गार लागायच्या, नाकाच्या शेंड्याला ओल लागायची, आणि ते तिला पुरे वाटायचं.

शिवाय तिच्या नाकाला अगदीच काही कळत नव्हतं असंही नाही. बामची डबी उघडली की आत गार वारा शिरल्यासारखं व्हायचं. मिरचीची फोडणी पडली की ठसका लागायचा. काशी बांगड्याच्या सारात हिरवी तिरफळं ठेचून टाकायची, तेव्हा पातेल्यावर वाकलं की नाकात नि ओठांवर बारीक मुंग्या धावायच्या. काही वास गार, काही वास टोचरे, आणि बाकीच्या वासांचा उगाच बोभाटा, असा तिनं मनाशी हिशेब बसवून टाकला होता.

एकदा मात्र तिची चांगलीच फजिती झाली. दुधाकडे लक्ष ठेव म्हणून काशी शेजारी गेली, आणि मालन चुलीकडे पाठ करून गणितं सोडवत बसली. दूध उतू गेलं, आटलं, जळलं, पातेलं काळंठिक्कर पडलं. तीन खोल्यांपलीकडून काशी धावत आली.

“अगो, एवढा वास सुटलाय नि तू हितंच बसलंयस? नाक हाय का काय हाय?”

मालनला वाटलं, आपण गणितात गुंगलो म्हणून असं झालं. त्या दिवसापासून ती लोकांचे चेहरे वाचायला शिकली. नाकपुड्या फुलल्या की काहीतरी चांगलं शिजतंय. पदर नाकाशी गेला की गटार तुंबलंय. कुणी बोलता बोलता थांबून मान वर केली की जवळपास फूल आहे. ती इतक्या सफाईनं बाकीच्यांच्या आधी ‘काय वास सुटलाय’ म्हणायची की शेजारच्या बायका म्हणायच्या, धोंडूची पोर नाकाची तिखट आहे.

पुढे चिपळूणला कॉलेज झालं, आणि एम. एस्सी.ला ती रत्नागिरीत आली. विषय रसायनशास्त्र. तिथेच विनीत भेटला. आंजर्ल्याचा, उंच, थोडा पोक काढून चालणारा. प्रॅक्टिकलला दोघांचं टेबल एकच होतं. फार बोलायचा नाही. तिच्या बर्नरची ज्योत मोठी झाली तर न बोलता लहान करायचा, एवढंच.

फाल्गुनात एक दिवस संध्याकाळी सगळे पांगल्यावर तो तिला मांडवीच्या जेटीवर घेऊन गेला. समुद्र ओसरलेला होता. कठड्याकडे बघत त्यानं विचारलं,

“आवडला का?”

“काय?”

“पिशवीत ठेवला होता तो.”

मालननं पिशवी उघडली. प्रॅक्टिकलच्या जर्नलखाली सुरंगीच्या फुलांचा वळेसर दबून पडला होता. पिवळ्या केसरांची पूड सगळ्या पिशवीत सांडली होती.

“तुला दिवसभर कळलं नाही?” विनीत म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता. “अख्ख्या लॅबला कळलं. शिपाईसुद्धा विचारून गेला, सुरंगी कुठून आली म्हणून. आवडला नसेल तर तसं सांग. न कळल्यासारखं नको करूस.”

“पण मी पिशवी उघडलीच नाही रे. न उघडता कसं कळणार?”

“उघडायला कशाला लागते?”

त्यानं हे अगदी सहज विचारलं. तिनं त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं, नेहमीसारखा तो वाचून पाहिला. तिथे थट्टा नव्हती. न उघडलेल्या पिशवीतली गोष्ट माणसांना खरोखरच कळते, हे तिला त्या जेटीवर पहिल्यांदा कळलं. मोगऱ्यापाशी मिटलेले ते सगळे डोळे खरे होते.

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच त्याला सांगितलं, माझी परीक्षा घे. विनीतनं तीन कुप्या आणल्या. मालननं डोळे मिटले.

“हा टोचतोय. लवंग.”

“बरोबर. आणि हा?”

“हे पाणी.”

“आणि हा?”

“हेही पाणीच.”

तिनं डोळे उघडले. दुसऱ्या कुपीत खरंच पाणी होतं. तिसरीत गुलाबाचं अत्तर होतं, आणि त्याचा एक थेंब तिच्या वरच्या ओठाला लागलेला होता.

त्या दिवशी ती खोलीवर जाऊन पडून राहिली. सगळं जग एका घरात बसून गाणं म्हणत होतं आणि ती दाराबाहेर उभी राहून खिडकीतून त्यांची हलणारी तोंडं बघत होती, असं काहीसं तिला वाटत राहिलं. नंतर कळलं की गार लागणं, टोचणं, मुंग्या येणं हे वास नव्हेतच. चेहऱ्याला स्पर्श कळवणारी एक वेगळी नस आहे, तिचं ते काम. वासाची नस तिच्याकडे जन्मतःच उमललेली नव्हती. त्यावर औषध नव्हतं.

पण तिनं ही गोष्ट काशीला सांगितली नाही. आईला उगाच वाटेल, आपल्याच पोटात काही कमी पडलं. धोंडूंनाही नाही सांगितली. ते पुढे गेले, तेही न कळताच गेले.

विनीतशी तिचं लग्न झालं. दोन्ही घरच्यांना पटायला वेळ लागला, पण पटलं. मालन चिपळूणच्या कॉलेजात शिकवायला लागली, विनीत लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत रसायनं तपासायच्या कामाला. मुलगी झाली, श्रुती. बाळाला बघायला येणाऱ्या बायका तिच्या टाळूला नाक लावायच्या आणि मिनिटभर तिथेच राहायच्या. मालननंही लावलं. तिला ऊब लागली, मऊ जावळ लागलं, टाळूखाली उडणारं लागलं. तेवढंच.

“हिला तरी येत असेल का रे वास?” तिनं विनीतला विचारलं.

विनीतनं संत्रं आणलं आणि झोपलेल्या पोरीपासून हातभर अंतरावर त्याची साल वाकवली. श्रुतीचं नाक आक्रसलं, ओठ चुटकन हलले. मालन आधी हसली, मग रडली.

ह्या बाईनं पीएच.डी.साठी सुगंधी तेलांचा विषय घेतला, ह्याचं मार्गदर्शक सरांना फार नवल वाटलं. तिनं आधीच त्यांना सगळं खरं सांगून टाकलं होतं.

“अहो, पण तुम्हाला तर वासच येत नाही.”

“म्हणूनच, सर. तो असतो तरी कसा, हे मला बघायचंय.”

सर हसले, आणि सही केली.

तिनं कोकणातल्याच वनस्पती घेतल्या. निरगुडी, रानतुळस, दालचिनीचा पाला, गवती चहा, आणि सगळ्यांत आवडीचं तिरफळ. प्रयोगशाळेत काचेच्या गोल भांड्यात पाणी आणि पाला उकळत ठेवायचा. वाफ वर चढते, जाताना पानातलं तेल सोबत घेऊन जाते. वर गार नळीत तिचं पुन्हा पाणी होतं, आणि त्या पाण्यावर तेलाचा पातळ थर तरंगायला लागतो. दालचिनीच्या पाल्याचं तेल तेवढं जड, ते तळाशी जाऊन बसतं. मालन तासन्‌तास त्या थराकडे बघत बसायची. टोपलीभर पाल्यातून चमचाभरही तेल निघायचं नाही. दारावरून जाणारी मुलं थबकायची, ‘मॅडम, आज गवती चहा ना?’ म्हणायची. मालन मान हलवायची. तिच्यासाठी तो नुसता थेंबाथेंबानं वाढणारा एक सोनेरी उजेड होता.

तेलाचे नमुने यंत्रावर तपासायला मुंबईला गेले, आणि काही आठवड्यांनी आलेख आले. तिरफळाच्या तेलाचा कागद तिनं खिडकीजवळ उजेडात धरला. आडव्या रेषेवर एकामागून एक सुळके उभे होते, काही बुटके, काही उंच, मध्ये दऱ्या. अलोऱ्याहून पूर्वेला बघितलं की सह्याद्री असाच दिसतो. ज्याला लोक तिरफळाचा वास म्हणत, ती एक गोष्ट नव्हतीच. ती डोंगरांची रांग होती. एकेका सुळक्याला नाव होतं: सॅबिनीन, लिमोनीन, टर्पिनीन-फोर-ऑल. बुटक्या टेकड्या तर इतक्या की काहींची नावं कुणालाच लागली नव्हती.

मग संध्याकाळी घरी एक वेगळाच खेळ सुरू झाला. श्रुती अभ्यासाला बसली की पडवीत विनीत आणि मालन बसायचे, मध्ये शुद्ध द्रव्यांच्या लहान कुप्या. तो हुंगायचा आणि सांगायचा.

“लिमोनीन. संत्र्याच्या सालीतून फवारा उडतो ना, त्या फवाऱ्याचा कडेचा भाग.”

“कडेचा म्हणजे?”

“म्हणजे... त्यात गोडी नाही. नुसती चकाकी.”

“आणि हे?”

“लिनालूल. हे फूल आहे, पण कुठलंच फूल नाही. फुलं नेऊन झाल्यावर रिकाम्या पाटीत जे उरतं ना, तसं.”

“टर्पिनीन-फोर-ऑल?”

विनीत बराच वेळ डोळे मिटून बसायचा. “लाकडी पेटी. आत जायफळ ठेवलेली. पेटी कुणीतरी पुष्कळ वर्षांनी उघडतंय.”

मालन त्या कागदावरच्या सुळक्यांकडे बघायची. पुढे पुढे तिला स्वप्नं पडायला लागली. स्वप्नात ती त्या डोंगररांगेवरून चालत असायची, एका सुळक्यावर चकाकी, एकावर रिकामी पाटी, एकावर उघडी पेटी, आणि खाली दरीत कुणीतरी तिला नाव घेऊन हाका मारत असायचं. जाग आल्यावर वाटायचं, मघाशी आपल्याला काहीतरी आलं होतं. काय, ते आठवायचं नाही.

खरी मोठी गोष्ट घडली ती तेलांची तपासणी करताना. ही तेलं जंतूंवर काही काम करतात का, हे बघायचं होतं. काचेच्या चपट्या बशीत जंतूंना लागणारं खाद्य खळीसारखं गोठवायचं, त्यावर जंतू सारवायचे, मध्ये तेलात भिजवलेली कागदाची टिकली ठेवायची. रात्रभर उबेत ठेवलं की सगळ्या बशीवर जंतूंची दुधट साय धरते. तेलात दम असला तर टिकलीभोवती मात्र स्वच्छ, रिकामं वर्तुळ राहतं. तिरफळाभोवती असं वर्तुळ पडलं. त्यातलं एकेक द्रव्य सुटं घेऊन बघितलं, तर वर्तुळं आक्रसली. सगळी एकत्र असतानाच खळं मोठं पडत होतं.

मग सरांनी दुसरी एक पद्धत सुचवली. टिकली जंतूंवर ठेवायचीच नाही. ती ठेवायची झाकणाला, आतल्या बाजूनं. बशी उलटी ठेवायची, म्हणजे टिकली आणि जंतू ह्यांच्यामध्ये नुसती हवा. तेल कशालाही शिवत नाही.

सकाळी मालननं बशा उबेतून काढल्या आणि खिडकीशी नेल्या. एक बशी तेल न घातलेली, तिच्यावर साय अखंड होती. तिरफळाची बशी तिनं उजेडात धरली. सायीच्या मधोमध एक गोल, नितळ जागा होती, ढगाला भोक पडून मागचं आभाळ दिसावं तशी. तिथे काही टेकलं नव्हतं. काही सांडलं नव्हतं. मधल्या हवेतून फक्त वास गेला होता.

मालन कितीतरी वेळ तिथेच उभी राहिली. जन्मभर जो आपल्याला चुकवून आजूबाजूनं जात होता, तो इथे पावलं उमटवून गेला होता. तिनं बोटानं काचेवरून त्या वर्तुळाची कड गिरवली. जंतूंना कुठे नाक असतं? तरी त्यांना तो कळला होता. तिरफळाच्या झाडानंही तो कुणी ‘आहाहा’ म्हणावं म्हणून केला नव्हता. ते आपली फळं राखत होतं, आपलं आपण बोलत होतं. वास हा काही नाकाच्या मालकीचा नाही, असं तिच्या मनात आलं, आणि छातीवरचं काहीतरी पुष्कळ वर्षांचं ओझं हलकं झालं.

तिनं विनीतला फोन केला. “मी वास बघितला,” एवढंच म्हणाली. पलीकडे यंत्रांचा आवाज होता. विनीतनं पुन्हा विचारलं नाही, काय म्हणालीस म्हणून. त्याला ऐकू आलं होतं.

प्रबंध पूर्ण झाला, पदवी मिळाली. त्यानंतर साथीचं वर्ष आलं. काशी अलोऱ्यालाच राहत होती, वसाहत सोडून गावात बांधलेल्या दोन खोल्यांत. तिला ताप आला आणि गेला. दम लागला नाही, इस्पितळात न्यावं लागलं नाही, सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण नंतर ती जेवेना. मालन तिला चिपळूणला घेऊन आली, तर ताटासमोर बसून काशी घास हातात धरून राही आणि खाली ठेवी.

एका दुपारी तिनं मालनला जवळ बोलावलं.

“मालन गो, मी मेलंय काय?”

“आये, असं काय बोलतेस?”

“भात मातीसारखा लागतो. उदबत्ती लावली तर नुसता धूर. काल तुझ्या पोरीला जवळ घेतलं, तर तिला पण कसलाच वास नाय. माणूस मेला की असंच व्हत असंल.” काशीच्या डोळ्यांत खरोखरची भीती होती.

मालन तिच्याजवळ जमिनीवर बसली. इतकी वर्षं जे बोलली नव्हती ते बोलायला तिला फारसा वेळ लागला नाही.

“मेलेली नाहीस. मला कधीच वास आला नाही आये. जन्मापासून. आणि मी जिवंत आहे, बघ.”

काशी तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

“कदीच नाय?”

“कधीच नाही.”

“मोगऱ्याचा?”

“नाही.”

“माज्या हातच्या बांगड्याचा?”

“नाही गं.”

मालनला वाटलं, आता ती रडेल, नाहीतर स्वतःला बोल लावील. पण काशी म्हातारी झाली तरी हिशेबी बाई. ती म्हणाली,

“मग तू जेवतंस कशी? ते दाखव मला.”

त्या रात्रीपासून मालननं आईला जेवायला शिकवलं. लहानपणी जिनं घास भरवले, तिला घास कसा घ्यायचा हे दाखवताना तिला आधी संकोच वाटला. मऊ भाताबरोबर काहीतरी कुरकुरीत हवंच, पोह्याचा पापड, नाहीतर भाजलेली सुकट. कोकमाचं आंबट जिभेच्या कडांना लागतं, तिथे थोडं थांबायचं. गरम घासामागून गार ताक. पुदिना चावून आत श्वास ओढायचा. सारात तिरफळ जरा जास्त, म्हणजे ओठांवर मुंग्या येतात.

“ह्या मुंग्या मला ठाव हायत,” काशी म्हणाली. “वास व्हता तेव्हा ह्यांच्याकडं लक्षच गेलं नाय कदी.”

ती पोटभर जेवली. नंतर पडवीत बसून ओठांवरून बोट फिरवत राहिली.

चिपळुणातल्या नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी सांगितलं, नस दुखावली आहे, पुन्हा उमलू शकते. रोज सकाळ-संध्याकाळ चार ठराविक वास हुंगायचे: गुलाब, लवंग, लिंबाच्या जातीचं काहीतरी, निलगिरी. येवो न येवो, आठवून हुंगायचे. नेमानं. महिने लागतील. मालनला हसू आलं. घरात ह्या वस्तूंची काय कमी होती? तिनं तेलं लहान कुप्यांत भरली, काही स्वतः काढलेली, काही विकतची. लिंबाऐवजी गवती चहा घेतला.

जिला वास येत नाही अशी मुलगी, जिचा वास गेला आहे अशा आईच्या नाकाखाली कुपी धरून बसते आहे, हे दृश्य बघून विनीत दारातच थांबायचा आणि हळूच माघारी जायचा. सुरुवातीला मालन आईला सांगायची, ह्यात सिट्रल असतं, त्यात युजेनॉल. काशी म्हणायची, “नाव घेऊन काय करू?” मग मालननं पद्धत बदलली. ती विचारायची, गवती चहा कुठे लावला होतास? आणि डोळे मिटलेली काशी वसाहतीतल्या मागच्या दारी पोचायची. नळाची गळती, घसरडी फरशी, धोंडूंची पहिली पाळी, पहाटे काळोखात जाऊन ओरबाडलेली चार पाती, बोटाला गेलेला चिरा. बोलता बोलता तिचा आवाज लहान मुलीसारखा व्हायचा. वास यायचा नाही. पण कुपी नाकाखाली धरलेली असायची, आणि दोघी कुठल्या कुठे गेलेल्या असायच्या.

आधी आला तो वाकडा आला. कांदा चिरला तर काशीला जळका रबर यायचा, मासळीनं तर उलटीच. ती त्रासली, पण डॉक्टर म्हणाले, हे चांगलं लक्षण आहे, तारा जुळायला लागल्या आहेत, सध्या चुकीच्या ठिकाणी.

थंडीतल्या एका सकाळी काशी कुपी हुंगून थांबली. पुन्हा हुंगली.

“चहा,” ती म्हणाली.

“आठवतोय, का येतोय?”

“येतोय गो!”

मालनला ते पडताळून बघायचा काही मार्ग नव्हता. स्वतः हुंगून ती खात्री करू शकत नव्हती. तिनं चारही कुप्यांना कागद गुंडाळले, पदराआड खालीवर केल्या, इतक्या की तिलाही कळेना कुठली कुठे आहे. काशी एकेक हुंगत गेली. नाय, नाय, नाय, हा. कागद काढला तर गवती चहा. पुन्हा सगळ्या फिरवल्या. पुन्हा तोच. तिसऱ्यांदा फिरवायला लागली तेव्हा काशीनं तिचा हात धरला. “पुरे कर. माज्यावर इस्वास ठेव.” आणि ती कुपी तिनं दिवसभर कनवटीला लावून ठेवली.

पुढे लवंगही आली. निलगिरीचा गारवा लागायचाच, त्यामागचा वास उशिरा आला. गुलाब मात्र आलाच नाही, आणि काशीनं त्याचा नाद सोडून दिला. “आपल्याला कुठं लागतो गुलाब?” म्हणाली, आणि भातलावणीच्या आत अलोऱ्याला परत गेली.

त्या डॉक्टरांनी मग आणखी काही माणसं मालनकडे पाठवली. साथीनंतर वास गेलेले बरेच होते. रविवारी दुपारी तिच्या पडवीत चार-पाच जण जमायचे, एक मिठाईवाले, एक रिक्षावाले, एक नुकतीच बाळंत झालेली मुलगी. मालन कुप्या फिरवायची आणि त्यांना आठवायला लावायची. काहींना परत आला, काहींना थोडा, काहींना नाही. कुणी रडलं की बाकीचे पुदिना चावत बसायचे.

एका रविवारी तेजस्वी आली. एसटीत कंडक्टर, चिपळूण-गुहागर मार्गावर. कामावरून थेट आली होती, खाकी कपड्यांत. तिनं कुप्या हुंगल्या, खाली ठेवल्या, आणि सगळे जाईपर्यंत बसून राहिली.

“मॅडम, एक सांगू? माझा वास गेलेला नाही. तो मुळातच नव्हता. डॉक्टरांना सांगायची लाज वाटली.”

मालननं हातातलं झाकण खाली ठेवलं. इतकी वर्षं तिनं पुस्तकांत वाचलं होतं की अशी माणसं असतात, हजारोंत एखादं. समोर बसलेलं तिनं आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

“माझाही नव्हता,” ती म्हणाली.

तेजस्वीला ते खरं वाटायला थोडा वेळ लागला. मग ती खुदकन हसली.

“मॅडम, गुहागरच्या गाडीत मासळीच्या पाट्या चढतात. सगळी गाडी नाक दाबून बसते. ड्रायव्हर शिव्या देतो. मी आपली मध्ये खुशाल तिकिटं फाडते. कोळणी म्हणतात, ही पोरगी भली आहे, हिनं आम्हाला कधी नाक नाही मुरडलं.”

मालन हसता हसता डोळे पुसत होती. मग तिनं विचारलं,

“पुदिना कसा लागतो तुला?”

“गार. नाकातून वर, डोळ्यांच्या मागे.”

“डोळ्यांच्या मागे! हो. मलाही. आणि लवंग?”

“दाढेत टोचल्यासारखी. पण नाकात.”

“तिरफळ?”

“थांबा.” तेजस्वीनं एक तिरफळ दाताखाली धरलं आणि डोळे मिटले. बाहेर उन्हं कलत होती, अंगणात श्रुती फोनवर कुणाशी तरी हळू बोलत होती. “पाय बधिर होतो ना, आणि मग त्यात जीव परत यायला लागतो, तसं. पण सगळं ओठांवर. आणि मॅडम, ह्याला एक रंग आहे. सांगितलं तर हसाल.”

“नाही हसणार.”

“निळा. अगदी फिका. समुद्र लांबून दिसतो तसा.”

मालननंही एक तिरफळ तोंडात टाकलं आणि भिंतीला टेकून बसली. मुंग्या ओठांवरून जिभेकडे निघाल्या. तिनं नीट लक्ष देऊन बघितलं.

“मला हिरवा वाटतो,” ती म्हणाली.

“हिरवा कसा असेल?” तेजस्वी म्हणाली, आणि दोघी त्यावर अंधार पडेपर्यंत भांडत बसल्या.